आभाळाची मोजणी : विश्व केवढं आणि किती जुनं, हे माणसाला कसं कळत गेलं?

हद्दनिशाण (परभणी)

रामराम मंडळी.

दिवाळीत नातू आला होता. नववीत आहे. रात्री गच्चीवर बाज टाकून पडलो होतो, तर त्यानं विचारलं, "आजोबा, विश्व १,३८० कोटी वर्षांचं आहे म्हणतात. पण मोजलं कुणी? आणि कशानं?" मी सारी नोकरी मोजणी खात्यात काढली, म्हणून प्रश्न माझ्याकडं आला. मला धड उत्तर देता आलं नाही. गेले तीन आठवडे मिळेल ते वाचतोय. वाचता वाचता एक गोष्ट मनात पक्की बसली, ती इथं मांडतो. विश्वाबद्दलची प्रत्येक मोठी कल्पना अंतर मोजण्याच्या साधनावर उभी राहिली, नाहीतर त्याच साधनानं पडली. वाद पिढ्यान्पिढ्या चालायचे आणि निकाल लागायचा तो साखळी एक पाऊल पुढं गेली की.

आधी माझ्या साखळीबद्दल सांगतो, कारण पुढं तिचं काम आहे. नोकरीचं दुसरं वर्ष. जिंतूर तालुक्यात दोन भावांच्या बांधाचा वाद होता. तेहतीस फुटी साखळीनं मी मोजणी केली आणि थोरल्याच्या दोन एकरांत दीड गुंठा कमी भरला. धाकट्यानं बांध कोरला, असं गावानं ठरवूनच टाकलं. आमचे एक जुने साहेब होते. त्यांनी कागद बघितला आणि एवढंच विचारलं, "साखळी कधी तपासली होतीस?" पोलादी टेप लावून बघितली तर तेहतीस फुटांची साखळी चार इंच लांब भरली. कड्यांचे कान झिजले होते, छल्ले ताणले होते. लांबलेली साखळी जमीन कमी दाखवते, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण त्या दिवशी अंगाला लागलं. दुसऱ्या दिवशी त्या शिवारात जाऊन दोघा भावांची माफी मागितली.

आता आभाळाकडं येतो. पृथ्वी मधोमध आणि बाकी सगळं तिच्याभोवती, ही टॉलेमीची मांडणी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. चौदाशे वर्षं टिकली. त्याच्याही चारशे वर्षं आधी ॲरिस्टार्कस म्हणून गेला होता की सूर्य मधोमध आहे. मग लोकांनी ते मानलं का नाही? ते अडाणी होते म्हणून, असं आपण सहज म्हणतो. पण त्यांचा आक्षेप मोजणीतलाच होता आणि रास्त होता. पृथ्वी फिरत असेल, तर सहा महिन्यांत आपण जागा बदलतो. मग जवळचा तारा लांबच्या ताऱ्यांपुढं सरकलेला दिसायला पाहिजे. बांधावरून चार पावलं चाललं की जवळची बाभळ लांबच्या टेकडीपुढं सरकते, तसा. तारा सरकत नव्हता. कोपर्निकसनं १५४३ साली सूर्य मधोमध आणला, त्यानंतरही टायको ब्राहेसारख्या पट्टीच्या निरीक्षकानं याच कारणानं नकार दिला. त्याचा तर्क बरोबर होता. चुकलं ते एवढंच, की तारे इतके लांब असतील हे त्याला पटेना. गॅलिलिओनं १६१० साली दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र दाखवले, म्हणजे सगळंच काही पृथ्वीभोवती फिरत नाही हे दिसलं. न्यूटननं १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा हिशेब दिला. तरी ताऱ्याचं सरकणं हाती लागलं नाही ते नाहीच.

ते लागलं १८३८ साली, बेसेलला. हंस तारकासमूहातला ६१ नंबरचा तारा. पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं म्हणजे तीस कोटी किलोमीटरची पायारेषा. त्या दोन टोकांवरून तारा जेवढा सरकला तो कोन किती? अडीच सेंटिमीटरचं नाणं आठ किलोमीटरवर ठेवलं तर आपल्याला दिसेल तेवढा. हे वाचून मी खुर्चीतून उठलो. प्लेन टेबलवर बसून तीस वर्षं मी हेच केलं, पायारेषा आणि दोन कोन. तारा निघाला दहा-अकरा प्रकाशवर्षांवर.

पण ही साखळी जवळच्या ताऱ्यांपुढं जाईना. पुढची कडी दिली हेन्रिएटा लेव्हिट या बाईंनी. हार्वर्डच्या वेधशाळेत तासाच्या मोलावर आभाळाचे फोटो असलेल्या काचेच्या पट्ट्या तपासायचं काम होतं त्यांचं. काही तारे ठरावीक दिवसांनी मंद होतात, परत उजळतात. त्यांना सेफीड म्हणतात. १९१२ साली बाईंनी २५ सेफीडांवरून दाखवलं, की ज्याचा फेरा जास्त दिवसांचा, तो तारा मुळात जास्त तेजस्वी. म्हणजे दिवस मोजून तो दिवा किती वॅटचा आहे ते सांगता येतं. वॅट माहीत असलं आणि उजेड किती पोचतोय हे दिसलं, की अंतर निघालंच.

त्या काळात भांडण होतं ते असं : आपली आकाशगंगा म्हणजेच सगळं विश्व, की आभाळात दिसणारे धुरकट ठिपके म्हणजे बाहेरच्या दुसऱ्या आकाशगंगा? १९२० साली वॉशिंग्टनला शॅपली आणि कर्टिस हे दोन खगोलशास्त्रज्ञ समोरासमोर आले. दोघांकडं दांडगे पुरावे होते, तरी निकाल लागला नाही. १९२३ च्या ऑक्टोबरात हबलनं माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून देवयानी तारकासमूहातल्या धुरकट ठिपक्याचा फोटो काढला. त्यावर एका ठिपक्याशी त्यानं आधी इंग्रजी 'एन' लिहिला होता, म्हणजे नवतारा, एकदम उजळून मंद होणारा तारा. जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर कळलं की हा तारा फेऱ्यानं मंद-तेज होतो. त्यानं 'एन' खोडला आणि लाल शाईनं लिहिलं 'व्हीएआर!', रूपविकारी. फेरा ३१ दिवसांचा. त्या एका ताऱ्यानं भांडण मिटवलं. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर निघाली. ती काचेची पट्टी जपून ठेवली आहे. तिचा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

मग १९२९. दीर्घिका, म्हणजे अशी बाहेरची आकाशगंगा, जेवढी लांब, तेवढी ती वेगानं आपल्यापासून दूर चालली आहे, असं हबलनं दाखवलं. वेगाच्या नोंदी बऱ्याचशा स्लायफरच्या होत्या, १९१२ पासून त्यानं नेटानं घेतलेल्या. आईन्स्टाईनच्या समीकरणांतून विश्व प्रसरण पावू शकतं हे फ्रीडमननं १९२२ मध्ये काढलं होतं. बेल्जियमचे लमेत्र, पेशानं धर्मगुरू, त्यांनी १९२७ मध्ये ते निरीक्षणाशी जोडलं आणि १९३१ मध्ये मागं जात जात 'आदिम अणू'पर्यंत, म्हणजे सगळं विश्व एका ठिकाणी दाटलेलं होतं तिथवर, पोचले.

आणि इथं माझी जिंतूरची साखळी येते. अंतराला वेगानं भागलं की हे पळणं कधी सुरू झालं ते निघतं. हबलच्या आकड्यांवरून विश्वाचं वय निघत होतं जेमतेम दोनशे कोटी वर्षं. पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने भरत होते. पोरगं बापापेक्षा थोरलं! वीस-बावीस वर्षं हा घोळ होता. १९५२ मध्ये वॉल्टर बाडेनं दाखवलं, की सेफीड दोन जातीचे असतात. हबलनं ज्या जातीचे वॅट धरले त्यापेक्षा त्याचे दिवे मुळात जास्त प्रखर होते. म्हणजे साखळी लांबलेली होती आणि जमीन कमी भरत होती. एका झटक्यात सगळी अंतरं दुप्पट झाली, वयही दुप्पट झालं. पुढं १९५८ मध्ये सँडेजनं आणखी दुरुस्ती केली आणि खडकांचा आणि विश्वाचा हिशेब जुळायला लागला.

पुढचं, म्हणजे महास्फोट, पार्श्वप्रारण वगैरे, माझ्यापेक्षा जाणकारांनी लिहावं. चुकलं असेल तिथं खोडा.


आखाड्यावरून (वसमत)

काका, लई मनातलं लिहिलंत. ऊस मोडला का तिथून आखाड्यावर, म्हंजी शेतातल्या घरी हाव, रात्री पाणी धरायला जागंच असतो. लाइट रात्रीचीच येते, म्हणून आभाळ आमच्याइतकं कोणी बघत नसंल. बाजेचे चार पाय आन् तीन चोर आजीनं दाखवले व्हते, शाळेत गेल्यावर कळलं ते सप्तर्षी.

मपला एक प्रश्न हाय. समदं आपल्यापासून लांब चाललंय म्हन्ता, मंग आपणच मधोमध झालो की. पुन्हा टॉलेमीच खरा ठरला का?


कृत्तिका (छत्रपती संभाजीनगर)

दादा, तुमचा प्रश्न अगदी मुळावरचा आहे. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी हाच प्रश्न येतो आणि दरवर्षी मला आवडतो.

पाण्यानं भरलेली रबरी ड्रिपची नळी डोळ्यापुढं आणा. तिच्यावर दर हातावर खूण केली आहे. नळी दोन्हीकडून ओढून दुप्पट लांब केली. तुम्ही कुठल्याही एका खुणेवर बसा. शेजारची खूण एक हातावरून दोन हातांवर गेली, म्हणजे एक हात सरकली. तिच्या पलीकडची दोनाची चार हातांवर गेली, म्हणजे दोन हात. दहावी दहा हात. जेवढी लांब तेवढी जास्त पळाली. आता उठून दुसऱ्या कुठल्याही खुणेवर बसलात, तरी हेच दिसणार. प्रत्येकाला वाटतं मी मधोमध. मध्य कुणाचाच नाही. देवयानीतल्या एखाद्या आखाड्यावरून कुणी बघत असेल, तर त्यालाही सगळं लांबच जाताना दिसेल. फक्त आपण आणि देवयानी सोडून, कारण ती जवळ आहे आणि गुरुत्वाकर्षणानं आपल्याकडं येते आहे, सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेग स्लायफरनं १९१२ सालीच मोजला होता.

लमेत्र यांच्या त्या आरंभाच्या कल्पनेलाच पुढं 'महास्फोट' म्हणू लागले. म्हणूनच या शब्दाबद्दल मी मुलांना जपून वागायला सांगते. सुतळी बॉम्ब फुटला, मधे जागा होती आणि तुकडे बाहेर उडाले, असं काही झालेलं नाही. जागाच ताणली गेली, सगळीकडं एकदम. आणि हा शब्द दिला तो ही कल्पना न मानणाऱ्या फ्रेड हॉइल यांनी, २८ मार्च १९४९ ला बीबीसीच्या रेडिओवर बोलताना.

हॉइल यांचं म्हणणं बाजूला टाकण्यासारखं मुळीच नव्हतं. १९४८ साली बाँडी, गोल्ड आणि त्यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावतं, पण मधे नवी द्रव्यं थोडी थोडी तयार होत राहतात, म्हणून विश्व कायम सारखंच दिसतं. त्याला आरंभ नाही. काकांनी सांगितलेला वयाचा घोळ त्यात आपोआप सुटत होता. आपले जयंत नारळीकर हॉइल यांचे विद्यार्थी. दोघांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. नारळीकर सर २०२५ च्या मे महिन्यात पुण्यात निधन होईपर्यंत, महास्फोटाला प्रश्न विचारत राहिले. मला ते पटत नव्हतं, पण मराठीतून विश्वरचना शिकण्याची गोडी आमच्या पिढीला त्यांनी लावली. आणि कुणीतरी अवघड प्रश्न विचारत असल्याशिवाय सिद्धांत घट्ट होत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

स्थिर स्थितीला सगळ्यात मोठा धक्का बसला तो एका खरखरीनं. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत पेंझियस आणि विल्सन यांच्याकडं वीस फुटी शिंगासारखा अँटेना होता. त्यात बारीक खरखर यायची. अँटेना कुठंही वळवा, दिवस असो, रात्र असो, उन्हाळा असो की हिवाळा. त्यांनी जोड तपासले, पत्र्याच्या सांध्यांवर चिकटपट्टी मारली, आत घरटं केलेल्या कबुतरांना हाकललं, त्यांची विष्ठा घासून काढली. खरखर तेवढीच. तीच विश्वाच्या बालपणातली ऊब होती. विश्व तीन लाख ऐंशी हजार वर्षांचं असताना प्रकाश मोकळा झाला, तो ताणत ताणत आज २.७ केल्विनवर येऊन सूक्ष्मलहरी झाला आहे. हेच ते पार्श्वप्रारण. अशी ऊब उरलेली असणार, हे आल्फर आणि हर्मन यांनी १९४८ सालीच गणितानं सांगितलं होतं. त्यांचा अंदाज होता ५ केल्विन. जुन्या टीव्हीवर चॅनल नसताना मुंग्या यायच्या ना, त्यातला शंभरातला एखादा भाग याच प्रकाशाचा असायचा. आमच्या घरी छपरावरचा अँटेना फिरवत मी कितीदा ते बघितलं असेल.


हद्दनिशाण (परभणी)

ताई, नळीचं उदाहरण नातवाला आज रात्री फोनवर सांगतो. आणि त्या दोघांनी कबुतराची घाण काढली, ते वाचून आमचे जुने साहेब आठवले. आधी आपली साखळी तपासायची, मग जमिनीला दोष द्यायचा.


पैठणकन्या

पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आपल्याकडं आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवलं, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. पहिल्या भास्करानं त्याचा संबंध अश्मक देशाशी जोडला आहे. अश्मक म्हणजे गोदावरीच्या काठचा मुलूख. त्याचं नेमकं गाव कोणतं यात मला पडायचं नाही, पण त्याचा दाखला मला फार जवळचा वाटतो. नावेतून पुढं जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागं जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडं जाताना दिसतात. आमच्याकडं घाटावर नावेत बसलं की अजूनही हेच दिसतं. मी पाचवीच्या मुलींना नावेत बसवून हे शिकवलं आहे. एकीनं विचारलं, "मग मॅडम, काठ थांबलेला आहे हे नावेतल्याला कळणार कसं?" तिला मी मिठी मारली.

आणि इथंही वाद झाला बरं का. पृथ्वी फिरत असेल तर उडालेले पक्षी आपल्या घरट्याकडं परत कसे येतील, असा आक्षेप वराहमिहिरानं घेतला. ब्रह्मगुप्तानंही आर्यभटाला धारेवर धरलं. आपल्याकडं सगळे एकसुरात बोलत होते असं नव्हतं.


वेरूळवाट

विश्वाला आरंभ आहे का, हा प्रश्न आपल्या डोंगरात कोरलेला आहे असं मला नेहमी वाटतं. वेरूळला एकाच डोंगरात तिघांची लेणी आहेत आणि तिघांचं उत्तर एक नाही. जैन म्हणतात लोक अनादी आहे, कुणी निर्माण केलेला नाही. पुराणं म्हणतात सृष्टी आणि प्रलय फिरून फिरून येतात, ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. बुद्धांनी विश्व शाश्वत की अशाश्वत या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. अजिंठ्याच्या १७ नंबरच्या लेण्यात, ओसरीच्या डाव्या भिंतीवर भवचक्राचा उरलेला तुकडा आहे. त्यात माणसं आपापल्या घरात, कामात दिसतात. पुढच्या वेळी गेलात तर तिथं थांबून बघा.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त तर प्रश्नावरच संपतं. हे कुठून आलं, ते वरून पाहणाऱ्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. इतक्या जुन्या काळी कुणीतरी असं लिहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.


नांदेडचा_वाचक

वेरूळवाट, ४३२ कोटी आणि पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी, म्हणजे आपल्या ऋषींना सगळं ठाऊकच होतं की.


पैठणकन्या

दादा, मला त्या ग्रंथांचा अभिमान तुमच्याइतकाच आहे, म्हणूनच सांगते. त्या आकड्यामागं युगांची आणि ग्रहांच्या फेऱ्यांची सुंदर गणिती रचना आहे. खडकाचं वय मोजून तो आलेला नाही. पृथ्वीचं वय १९५६ मध्ये पॅटरसननं उल्केतल्या शिशावरून काढलं. दोन्ही आकडे जवळ आले म्हणून एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर चढवलं, तर दोघांचंही काम झाकलं जातं. आर्यभटाचं कौतुक करायला त्याची नाव पुरेशी आहे.


नांदेडचा_वाचक

ताई, पटलं. मग मोजणीचाच एक दाखला माझ्याकडून. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १९०१ साली नवाब जफर जंग यांनी निजामिया वेधशाळा काढली. पॅरिसमधून १८८७ साली सगळ्या आभाळाचा फोटोनकाशा करायचं ठरलं होतं आणि आभाळाचे पट्टे पाडून जगभरच्या वेधशाळांना वाटून दिले होते. त्यातला एक पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला. साडेसात लाखांहून जास्त ताऱ्यांच्या जागा तिथं मोजल्या गेल्या. हद्दनिशाण काका, म्हणजे आभाळाचेही गट नंबर पाडले होते आणि त्यातला एक गट आपल्या राजधानीनं मोजला.


हद्दनिशाण (परभणी)

हे मला माहीत नव्हतं! माझे आजोबा निजामाच्या काळात गावकीच्या दफ्तराचं काम बघायचे. त्याच सरकारात कुणी रात्री काचेवरचे तारे मोजत होतं, हे वाचून ऊर भरून आला.


प्रश्न_लातूर

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मनापासून विचारतोय, कुणाला कमी लेखायचं नाही. आधी पृथ्वी मधोमध, मग सूर्य, मग आकाशगंगा म्हणजेच सगळं, मग स्थिर विश्व, मग महास्फोट. आता म्हणतात ९५ टक्के काय आहे तेच ठाऊक नाही. दर पन्नास वर्षांनी बदलणाऱ्या गोष्टीवर विश्वास का ठेवायचा?


कृत्तिका (छत्रपती संभाजीनगर)

९५ टक्क्यांचं आधी सांगते, कारण तो आकडा अंधारात मारलेला दगड नाही. १९३३ मध्ये झ्विकीनं एका दीर्घिकासमूहातल्या दीर्घिकांचे वेग बघितले. दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणानं एवढ्या वेगाच्या दीर्घिका धरून ठेवता येईनात. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन यांनी एकेका दीर्घिकेत तेच दाखवलं. काठावरचे तारे मंद फिरायला हवेत, ते आतल्यांइतक्याच वेगानं फिरतात. गोफणीतला दगड वेगानं फिरतोय आणि दोरी दिसत नाही, तरी दोरी आहे हे आपण ओळखतो. ते कृष्णद्रव्य, सुमारे २७ टक्के. १९९८ मध्ये दोन गटांनी लांबचे अतिनवतारे, म्हणजे स्फोट होऊन प्रचंड उजळलेले तारे, मोजले. ते अपेक्षेपेक्षा मंद निघाले, म्हणजे जास्त लांब होते, म्हणजे प्रसरणाचा वेग वाढतोय. ती कृष्णऊर्जा, सुमारे ६८ टक्के. आपल्या ओळखीचे अणू, माती, पाणी, सूर्य, आपण सगळे मिळून ५ टक्के. हे द्रव्य आणि ही ऊर्जा नेमकी काय आहे हे अजून कळलेलं नाही, पण किती आहे हे वेगवेगळ्या वाटांनी मोजलं आणि आकडे जुळले.


हद्दनिशाण (परभणी)

बाळा, तुझा प्रश्न मला आवडला. मी माझ्या धंद्यातलं सांगतो. गावाची पहिली मोजणी साखळीनं झाली, मग प्लेन टेबल आलं, मग मशीन, आता उपग्रहावरून रोव्हर. प्रत्येक वेळी हद्दी थोड्या सरकल्या. पण साखळीनं ज्याला दोन एकर दाखवलं, त्याला रोव्हरनं वीस एकर दाखवलं, असं कधी झालं नाही. बेसेलच्या ताऱ्याचंच बघ. त्याला दहा प्रकाशवर्षांच्या वर मिळाला, आज ११.४ धरतात. न्यूटनच्या गणितानंच आजही यान चंद्रावर जातं. टॉलेमीचं चित्र गेलं, तरी त्याच्या काळातल्या ग्रहणाच्या नोंदी शास्त्रज्ञ अजून वापरतात. मोजलेलं वाया जात नाही. मोजमापावर आपण जे चित्र चढवलेलं असतं, तेवढं बदलतं.

आणि आत्ताही एक बांधाचा वाद चालू आहे. विश्वाच्या प्रसरणाचा दर दोन वाटांनी काढतात. सेफीड आणि अतिनवताऱ्यांच्या साखळीनं तो सुमारे ७३ येतो, आणि पार्श्वप्रारणावरून प्लँक उपग्रहानं काढलेला ६७.४. एकक म्हणजे दर मेगापार्सेक (सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षं) अंतराला सेकंदाला इतके किलोमीटर. शंभर फुटांत आठ फुटांचा फरक! माझ्या हाताखाली असा फरक आला असता, तर मी रात्री झोपलो नसतो. जेम्स वेब दुर्बिणीनं सेफीड पुन्हा बघितले, तरी फरक गेला नाही. आता एकतर कुठली तरी साखळी लांबली आहे, नाहीतर शिवारातच आपल्याला न दिसलेला एखादा ओढा आहे.


आखाड्यावरून (वसमत)

मंग तिसरा मोजणीदार आणायचा. गावात आपण तेच करताव.


कृत्तिका (छत्रपती संभाजीनगर)

दादा, तिसरा मोजणीदार तुमच्याच जिल्ह्यात येतोय! हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी, म्हणजे जागेच्याच ताणण्या-आकसण्याच्या लाटा, टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. ६ एप्रिल २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर, आतून हवा काढलेल्या नळ्या, त्यांत लेसर. गुरुत्वलहर आली की भुजेची लांबी बदलते, ती प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. अशी पहिली लहर अमेरिकेतल्या दोन लायगोंनी १४ सप्टेंबर २०१५ ला पकडली. १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती.

काकांसाठी यातलं खरं मोल पुढं आहे. लहरीच्या आकारावरूनच अंतर थेट निघतं. मधे सेफीड नको, वॅटचा अंदाज नको. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे आदळले, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. लहरही आली आणि दुर्बिणींना उजेडही दिसला. त्यावरून प्रसरणाचा दर आला ७०, दोन्ही बाजूंना बरीच सूट ठेवून. एका घटनेवर निकाल लागत नाही. अशा पन्नासेक घटना जमल्या, तर लागू शकतो. आणि लहर आभाळाच्या कोणत्या कोपऱ्यातून आली हे सांगायला वेधशाळा एकमेकींपासून जितक्या लांब तितकं बरं. अमेरिका, इटली, जपान यांच्या जोडीला हिंगोली म्हणजे पायारेषा किती लांबते बघा.


आखाड्यावरून (वसमत)

ताई, पण आमच्याकडं जमिनीतून आवाज येतात. २०२४ ला मार्चात आन् जुलैत भूकंपाचे धक्के बी बसले, ४.५ चे. भांडी पडली, माणसं पहाटं घराबाहेर. इथं ते यंत्र कसं चालंल?


कृत्तिका (छत्रपती संभाजीनगर)

काळजी रास्त आहे. असा धक्का बसला की यंत्राचं मोजमाप तेवढा वेळ थांबतं, अमेरिकेतही थांबतं. पण रोजचा त्रास असतो तो रेल्वे, जड वाहनं, कारखाने, समुद्राच्या लाटा यांच्या बारीक थरथरीचा. आरसे एकाखाली एक चार लोलकांना टांगलेले असतात, म्हणजे थरथर वरच विरते. समुद्रापासून लांब, मोठ्या शहरापासून लांब, सपाट जमीन, असं बघूनच ती जागा निवडली. ज्या गोष्टीला आपण मागासलेपण म्हणत आलो, म्हणजे कारखाने नाहीत, वर्दळ नाही, ती इथं कामाला आली.


हद्दनिशाण (परभणी)

औंढ्याच्या शिवारात मी सहा वर्षं साखळी ओढली आहे. ती काळी जमीन, चिखलात रुतणारे पाय, बांधावरची बोरं, सगळं डोळ्यापुढं आलं. त्याच जमिनीवरून विश्वाचं माप घेतील, हे मला आज कळलं. नातवाला घेऊन एकदा बाहेरून तरी बघून येणार.

परवा अमावस्या आहे. रात्री आठच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर, थोडं उत्तरेकडं, देवयानी असेल. भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा चौकोन आधी धरा. त्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यातून ताऱ्यांची ओळ निघते, त्यातला दुसरा ठळक तारा धरून वायव्येला दोन छोटे टप्पे जा. बोटभर धूर असल्यासारखा ठिपका दिसेल. थेट टक लावू नका, जरा बाजूला बघा म्हणजे उजळतो. ज्यांच्या गावात दिवे कमी आहेत, त्यांनी बघून इथं लिहा.


आखाड्यावरून (वसमत)

काका, दिसला. मोटार चालू करून बांधावर पाठीवर पडलो. आधी काहीच नाही, मंग तुम्ही म्हनले तसं बाजूला बघितलं आन् एकदम उमटला, चुलीच्या धुरावानी. आईला हाक मारून आणलं. तिला मोतीबिंदू हाय, तिला दिसंना. तिनं मला इचारलं, हा उजेड कव्हाचा हाय? म्हनलं पंचवीस लाख वर्षांचा. ती बराच वेळ बसली तिथं थंडीत. मंग म्हनली, ऑपरेशनची तारीख लौकर घे.